सहा वाट्यांचा आकडा

पांढुर्णा,
ता. ३० ऑगस्ट १९५५

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा नमस्कार वि. वि.

पत्राच्या डोक्यावर 'श्री' घातलेला नाही, त्यावरून तुम्ही समजलाच असाल. नलूच्या हाती पडू नये म्हणून घरी न धाडता शाळेच्या पत्त्यावर पाठवून राहिलो. बसून वाचा.

आपला मुकुंद गेला. आसामात रेल्वेचा जो पूल बांधून राहिले होते, तिथे पूर आला, मचाण वाहून गेलं आणि मचाणावरची अकरा माणसं गेली. चार सापडली. त्या चारांत माझा भाऊ नाही. ठेकेदाराच्या मुनीमाचं पत्र परवा दुकानावर आलं. अशुभाचं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, म्हणून दुकानामागच्या चिंचेखाली उभ्यानं वाचलं. मग आत येऊन एका गिऱ्हाइकाला बैलाचं दावं मोजून दिलं. तो म्हणे, शेट, हातभर जास्त देऊन राहिले आज, पोळ्याचं काही बाकी आहे का? मी हसलो. हसू कसं आलं, देव जाणे.

आता ऐका. मुकुंदाच्या बायकोला, मालीला, सातवा महिना लागला आहे. याआधीची दोन राहिली नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या छातीचं दुखणं तर तुमच्या डोळ्यांसमोरचं. डॉक्टर म्हणाले होते, म्हातारीला धक्का बसू देऊ नका. एका बातमीत तीन जीव जायचे, म्हणून मी तोंड शिवून घेतलं आहे. माली बाळंत होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असा माझा विचार. मी डोक्यावर दोर घेऊन बाजार फिरलेला माणूस. तुम्ही गणिताचे मास्तर. माझं चुकत असेल तर सांगा.

आपला,
कवडू

*

सौंसर,
ता. ५ सप्टेंबर १९५५

ती. स्व. कवडूभाऊ यांस,
गुणवंताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. मुलांना फळ्यावर दहा उदाहरणे घालून दिली आणि तासभर खिडकीशी उभा राहिलो.

तुमचे बरोबर आहे. बाळंतपण होईपर्यंत थांबावे. नलूलाही सांगितलेले नाही. तिचा चेहरा म्हणजे पाटी, लिहिलेले सगळे दिसते. ती पांढुर्ण्याला आली की पहिल्याच दिवशी आईंना कळेल. मी चार दिवस गोडधोड वर्ज्य केले आणि पोट बिघडले असे तिला सांगितले. तिने रोज ओव्याचा काढा पाजला. सख्ख्या भावाचे सुतक तिला ठाऊक नाही आणि मी मेहुणा ते पाळून राहिलो.

दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. आपण दोघे सोडून तिसऱ्या कानी जाऊ देऊ नका.

तुमचा,
गुणवंता

*

पांढुर्णा,
ता. २० डिसेंबर १९५५

॥ श्री ॥

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

'श्री' घातला आहे, कारण हे पत्र आता घरातून लिहून राहिलो. माणसं येता-जाता पाहतात.

मुलीचं, मीनाचं, सगळं ठीक. कोजागिरीच्या आदल्या दिवशीची पोर, रंग मुकुंदाचा आणि आवाज माझा, असं गल्ली म्हणते. पण मालीला बाळंतरोगाचा ताप महिनाभर होता, तेव्हा सांगता आलं नाही. ताप उतरला तर आईची छाती धरली. ती उतरली तर बारसं आलं. मास्तर, खरं सांगायला चांगला दिवस सापडतच नाही, हे मला आता समजून राहिलं.

मुकुंद बारशाला यावा म्हणून आईनं लाख वातींचा नवस केला होता. लाख वाती झाल्या, जाळल्या, तो आला नाही. आता ती रोज टेसनावर जाते. तीगावकडची असो की नरखेडकडची, दोन्ही गाड्या पाहते. फाटकवाला मला म्हणे, तुमच्या मायनं मला रजा घेऊन घरी जायला सांगितलं, म्हणते मी पाहून घेतो गाड्या. सगळे हसले. मीही.

एक कार्ड पाहिजे. त्या बाजूनं आलेल्या कोणा माणसानं टेसनावर आणून दिलं असं मी सांगीन, म्हणजे शिक्का पाहायचा प्रश्न नाही. अक्षर माझं सगळे ओळखतात, तुम्ही लिहा. मुकुंद दर पत्रात शेवटी 'तांबूला उन्हात बांधू नका' असं लिहायचा. ती गाय विकून दोन वर्षं झाली, आईनं दर वेळी कळवलं, तरी त्याचं आपलं तांबू. ते वेड लिहू नका. लोक म्हणतील, अजून सुधारला नाही.

नलूस आशीर्वाद. ओव्याचा काढा आता पुरे म्हणावं.

आपला,
कवडू

*

सौंसर,
ता. २७ डिसेंबर १९५५

ती. स्व. कवडूभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

कार्ड सोबत. उजव्या हाताला मार लागला म्हणून सोबत्याकडून लिहवले, असे आरंभीच घातले आहे; त्यामुळे अक्षराची शंका येणार नाही. काम जंगलात आहे, टपाल महिना-महिना मिळत नाही, पूल झाल्याशिवाय रजा नाही, मुलीचे तोंड पाहण्याची फार इच्छा आहे, असे लिहिले. गाईचे गाळले. शेवटी 'सौ. विजयमाला हीस आशीर्वाद, तिने प्रकृतीस जपावे' एवढे माझ्या पदरचे घातले. बिचारीच्या वाट्याला एक ओळ यावी.

लिहिताना एकदाही खाडाखोड करावी लागली नाही, याचे आश्चर्य वाटते. एकदा सराव झाला की माणूस काहीही लिहू शकतो.

तुमचा,
गुणवंता

*

पांढुर्णा,
ता. ८ मार्च १९५६

॥ श्री ॥

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या कार्डानं दोन महिने काढून दिले. मी मोठ्यानं वाचलं. आईनं ते पाच वेळा वाचायला लावलं, मग देवाजवळ ठेवलं. माली त्या दिवशी जेवली नाही. माझी घरची म्हणे, आनंदानं पोट भरतं कधी कधी. ओळ घातली ते चांगलं केलं.

आता नवं ऐका. आईला कोणी सांगितलं की लाख वाती थोड्या झाल्या. माणूस जितका दूर, तितकी वात जास्त लागते. तिनं दहा लाखांचा बोल बोलून टाकला. कार्तिकी पुनवेला महादेवापुढे लावायच्या. मी म्हटलं, माय, रुई तरी उरू दे गिरणीला. ती म्हणे, तुझ्या दुकानाला दोर लागतो तसा माझ्या लेकाला हा दोर, खेचून आणीन.

वाती सवाष्णींच्या हातच्याच पाहिजेत असा तिचा हट्ट. ती स्वतः फक्त मोजणार. सात जणी ठरल्या. माझी घरची, माली, तिकडे तुमची नलू, आणि गल्लीतल्या चौघी, चिंधूची बायको धरून. सगळ्यांना सारखा वाटा पाहिजे, नाही तर भांडणं. मी पाटीवर करून पाहिलं तर काही जमून नाही राहिलं, शेवटी काही ना काही उरते. तुम्ही हिशेब करून पाठवा.

माझ्या मनात आलं ते सांगतो. तिचे हात गुंतले की टेसन सुटेल. आठ महिने मिळतील. आकडा असा काही पाठवा की म्हातारी त्यात रमून जाईल.

आपला,
कवडू

*

सौंसर,
ता. १३ मार्च १९५६

ती. स्व. कवडूभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गंमत म्हणून मागितले, पण आकडाच असा निघाला की मी रात्रीचे जेवण विसरलो.

दहा लाखांचे सात सारखे वाटे होत नाहीत. प्रत्येकीला एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न वाती, आणि शेवटी एक वात उरते. ती एक देवाची समजावी. रोज सहाशे वळल्या तर कार्तिकीपर्यंत आरामात होतात.

आता या १४२८५७ ची करामत पाहा. याची दुप्पट करा: २८५७१४. तिप्पट: ४२८५७१. चौपट: ५७१४२८. पाचपट: ७१४२८५. सहापट: ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच रांगेत. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. फक्त रांगेतला कोणी तरी पुढे येतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात. नवा अंक येत नाही, जुना हरवत नाही. याचे दोन तुकडे करून मिळवा, १४२ आणि ८५७, तर नऊशे नव्याण्णव. तीन तुकडे करा, १४, २८ आणि ५७, तर नव्याण्णव. हा आकडा स्वतःशी गुणला तर २०४०८१२२४४९ येतात; त्यातले मागचे सहा अंक आणि पुढचे पाच तोडून मिळवले की पुन्हा १४२८५७. मी वीस वर्षे गणित शिकवतो, पण असा चिवट प्राणी पाहिला नव्हता.

आईंना सांगा, की हा आकडा कुठेही पाठवला तरी फिरून घरी येतो. त्यांना ते आवडेल.

एक सांभाळा. सहापर्यंतच सांगा. सातने गुणले तर सहाही नऊ येतात, ९९९९९९. त्यात यातला एकही अंक उरत नाही. ते त्यांच्यासमोर करू नका.

तुमचा,
गुणवंता

*

पांढुर्णा,
ता. ८ ऑक्टोबर १९५६

॥ श्री ॥

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या आकड्यानं घर चालून राहिलं. आई अंगठा उठवणारी बाई, पण आता साही गुणाकार तोंडपाठ. दळताना म्हणते. भाजीवालीला म्हणून दाखवते. चिंधूची बायको म्हणे, काकू, आमच्या पोट्ट्याला शाळेत एवढं येत नाही, तुम्हीच जा परीक्षेला. शंभराची जुडी झाली की आई ज्वारीचा एक दाणा बाजूला टाकते, आणि त्या दाण्यांना चिमणीसुद्धा शिवू देत नाही. टेसन सुटलं.

पण आषाढापासून ती जरा गप्प झाली. आकडे म्हणते, पण हळू. वय झालं, दुसरं काय.

माझ्या मनात एक काटा आहे. नवस सवाष्णींच्या वातींचा, आणि त्यांत माली बसून राहिली. तिला माहीत नाही, गल्लीला माहीत नाही, पण मला माहीत आहे ना. सर्वपित्रीला एकटाच नदीवर गेलो. मोठ्यानं नाव घेऊन पाणी सोडायची हिंमत झाली नाही. काठावर धुणारे होते. तसाच हात धुऊन परत आलो.

येत्या एकपासून आपला कारभार भोपाळला जाणार म्हणतात. नागपूर तिकडे, आपण इकडे. आपण कुठे हललो नाही, सरहद्दच उठून पलीकडे जाऊन बसली. तुमच्या शाळेत आता हिंदीतून पाढे होणार काय? कार्तिकी झाली की आईला सांगून टाकू असं ठरवलं आहे. दर वेळी ठरवतो तसंच.

आपला,
कवडू

*

पांढुर्णा,
ता. १० नोव्हेंबर १९५६

॥ श्री ॥

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आज एक चमत्कार झाला तो कळवायला लिहून राहिलो. दिवाळीत तुम्ही पाठवलेल्या नलूच्या शेवटच्या जुड्या पोचल्या, आणि आज आईनं सगळ्याची मोजणी बंद केली. मला दुकानातून बोलावून घेतलं आणि म्हणाली, जावयाला आकडा लिहून पाठव, बाकी काही लिहू नको. आकडा असा: आठ लाख सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस.

पाहा मास्तर, तेच अंक! आपोआप! दहा लाखाला कमी पडल्या म्हणून मला वाईट वाटलं, पण आईला त्याचं काहीच नाही. मी म्हटलं, माय, पुनवेला आठ दिवस आहेत, सगळ्या मिळून भर काढतील. ती म्हणे, नाही, एवढ्याच आहेत. बायका कुठं चुकल्या असतील, नाही तर दाणे उंदरानं खाल्ले असतील. पण उंदरानं खाऊनही आकडा तोच राहावा, ही देवाचीच खूण, नाही का? मला बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा.

आईनं 'बाकी काही लिहू नको' म्हटलं होतं. मी एवढं लिहिलं. सवयच आहे.

आपला,
कवडू

*

सौंसर,
ता. १३ नोव्हेंबर १९५६

ती. स्व. कवडूभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

उंदराने काही खाल्लेले नाही. पत्र दुकानात वाचत असाल तर दार लावून घ्या.

८५७१४२ म्हणजे १४२८५७ ची बरोबर सहापट. एक वात कमी नाही, एक जास्त नाही. चुकून कमी पडलेल्या मोजणीत असा नेमकेपणा येत नाही. चूक इतकी नीटनेटकी नसते. सात जणी वाती वळत होत्या आणि ढिगात सहा जणींच्याच आहेत. एक अख्खा वाटा वेगळा काढून ठेवला आहे.

नलूचा वाटा मी स्वतः बसवर चढवला. तुमच्या सौभाग्यवतींचा वेगळा काढायला कारण नाही, गल्लीतल्या चौघींचाही नाही. सवाष्णींच्या वातींत आपल्या वाती मिसळू नयेत असे वाटावे, अशी त्या सातांत एकच बाई आहे. विजयमालेला ठाऊक आहे, कवडूभाऊ. आणि मोजणी आईंनी केली, म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी मला आकडा पाठवला नाही. निरोप पाठवला.

काल रात्री मी आठने गुणून पाहिले. ११४२८५६ येतात. पुढचा एक उचलून शेवटच्या सहांत मिळवला की पुन्हा १४२८५७. सातव्याला मेला तो आठव्याला उठून बसला. घटकाभर वाटले की आईंना हे लिहून पाठवावे. मग माझीच मला शिसारी आली. आकड्याचे काय, त्याला बुडायला नदी लागत नाही.

आता तुम्ही काही सांगू नका. त्या सांगतील ते ऐका.

तुमचा,
गुणवंता

*

पांढुर्णा,
ता. १५ नोव्हेंबर १९५६

चि. गुणवंतराव यांस,
देवकाबाईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगून राहिली, माली लिहून राहिली. ती म्हणे शुद्ध करून लिहितो. म्या म्हटलं, जसं बोलून राहिली तसंच लिही, मास्तर काही मार्क कापणार नाही.

आकडा पोचला असंन अन् तुमाले समजला असंन. कवडूले नाही समजला. त्याचे कान लई तिखट. गल्लीच्या टोकाले कोणी कुजबुजलं तरी त्याले ऐकू येते. पण घरात दोन बायका रडून नाही राहिल्या, हे त्याले ऐकू आलं नाही.

आषाढात म्या टोपल्या पाहिल्या. मालीची टोपली येगळी, कोनाड्यात, वरून फडकं. विचारलं तर फडकं सारखं करत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणे, आत्याबाई, माझ्या वाती त्याइच्यात नका मिसळू, नवस बाटंन. एवढ्यावर समजलं. मायले किती सांगा लागते?

माह्या छातीची तुमाले काळजी होती. छाती आहे अजून, फुटली नाही. कवडूले म्या सांगतलं नाही, कारण तो माह्यासाठी हसून राहिला होता. त्याचं हसू कसं काढून घेऊ? तो माह्यासाठी गप्प, मी त्याच्यासाठी गप्प, अन् माली आमा दोघांसाठी. मुकुंदासाठी कोणीच नाही. सव्वा वर्षात त्याले कोणी ओंजळभर पाणी नाही देल्लं. तो पाण्यात गेला म्हणून पाणी लागत नाही काय?

सातानं गुणलं तर काय होते ते मालीनं पाटीवर करून दाखवलं. तुमी सहापर्यंतच सांगतलं होतं. तुमी खोटं नाही बोलले, मास्तर. मधातच थांबले.

नलूले तुमी सोता, समोर बसवून सांगा. कागदानं नाही. मंग तिले पाठवा. तुमी याचं का नाही ते तुमी पाहा. पुनवेले देवापुढे वाती लागणार नाहीत. त्याचं पाणी द्याचं आहे. तिथी कळवा.

खालचं माझं, विजयमालेचं, आहे. आपणास शि. सा. न. कार्ड मला त्याच दिवशी समजलं. घरच्या पत्रात बायकोचं नाव घालतील असे ते नव्हते, लाजायचे. माझ्यासाठी गाईचं लिहायचे. तांबूला उन्हात बांधू नका, म्हणजे मी उन्हात जाऊ नये. गाय विकली तरी लिहायचे, सगळे हसायचे, मीपण हसायची. कार्डात मी होती आणि गाय नव्हती. तेव्हापासून कुंकू लावून राहिली ते आत्याबाईंसाठी. राग कोणाचा नाही, असं लिहिणार होती, पण आत्याबाई म्हणाल्या खरं नसेल ते लिहू नको. तारीख तेवढी लवकर कळवावी. मला ती एवढीच पाहिजे.

*

पांढुर्णा,
ता. २१ नोव्हेंबर १९५६

श्री. रा. रा. गुणवंतराव मास्तर यांस,
कवडूचा नमस्कार वि. वि.

नलू सतराला पोचली. बसमधून उतरली ती सरळ आईपाशी गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, अजूनही पाहत नाही. तुम्हाला घरी काय बोलली असेल ते विचारत नाही. तुम्ही आला नाहीत ते समजलो. मलाही जायला दुसरं घर असतं तर मीही आलो नसतो.

तारखेचं सांगतो. मुनीमाच्या पत्रात तारीख होती. मी वाचलीही असेल. पण अशुभाचं पत्र ठेवत नाहीत, वाचून फाडतात. तसं मी ते चिंचेखालीच फाडलं आणि तुकडे जाम नदीत सोडले. तुम्हाला लिहिलं तेव्हा तारीख लिहायचं सुचलं नाही. नलूनं तुमची ट्रंक उपसून माझं ते पत्र आणलं, त्यात मचाण आहे, अकरा माणसं आहेत, दावंसुद्धा आहे; तारीख नाही. मुकुंदाच्या जुन्या पत्त्यावर तार केली. छावणी उठली, माणूस नाही, असं उत्तर आलं. माझा भाऊ कोणत्या दिवशी मेला हे आता जगात कोणाला ठाऊक नाही, आणि ते माझ्यामुळे.

हे मी आईला सांगितलं. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्यापुढे रडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. मागं-मागं सरकून भिंतीला टेकून बसली.

गल्लीला मीच सांगितलं. चिंधूची बायको आली, आपली टोपली उचलली आणि घेऊन गेली. म्हणाली, जित्या माणसासाठी वळल्या होत्या. कोणी अडवलं नाही. बाकीच्या टोपल्या ओसरीवर पडून आहेत. हात लावायची कोणाची छाती नाही. पुनवेला आई, नलू आणि माली तिघी नदीवर गेल्या, मालीची एकटीची टोपली घेऊन. तूप नव्हतं, गोड्या तेलात भिजवल्या. जुडी लावून वाळूत, जुडी लावून वाळूत. मी लांब उभा होतो. एक लाख बेचाळीस हजार म्हणजे किती हे आकड्यात समजत नाही, मास्तर. उजेड पलीकडे सावरगावच्या घरांपर्यंत गेला आणि तिकडची माणसं काय जळून राहिलं म्हणून काठावर आली. परत आल्यावर मालीनं विहिरीवर स्वतःच्या हातानं कपाळ धुतलं. बायका जमायच्या आत.

आज भटजी बसले. पळसाच्या पानांचा देह केला, त्याला अग्नी दिला. मग त्यांनी तिथी विचारली. दर वर्षीचं श्राद्ध कोणत्या तिथीला करायचं ते ठरायला पाहिजे. ठाऊक नसेल तर सर्वपित्री, म्हणाले, ज्यांची तिथी हरवली त्या सगळ्यांसोबत. मी मान हलवणार होतो. तेवढ्यात दाराआडून माली बोलली. माझ्यासमोर ती कधी एवढं मोठ्यानं बोललेली नाही. म्हणाली, हरवलेल्यांत नाही टाकायचं त्यांना. तिथी आहे. मार्गशीर्ष वद्य पंचमी.

भटजींनी पंचांग काढलं. मला मात्र पंचांग लागलं नाही. जानेवारीतल्या त्या पंचमीच्या दुपारी ओसरीवर उभं राहून तुमचं कार्ड मीच वाचलं होतं.

भटजींनी मला विचारलं, कर्ते तुम्ही, हीच खरी तिथी ना? आई माझ्याकडे पाहून राहिली, नलू पाहून राहिली. दाराआड बांगड्यांचा आवाज नव्हता.

मी हो म्हटलं.

पंचमी महिन्यावर आली आहे. तुमचं पान मांडू. यावं.

आपला,
कवडू